कॉपी केली की गाठोडं दिसतं: ग्रीक वस्त्रातली आकृती कुठून सुरू करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीएफएच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, फ्रेंच चित्रकार दाविदने (आपण सगळे डेव्हिड म्हणतो तो) 'सॉक्रेटिसचा मृत्यू' या चित्रासाठी केलेल्या, सॉक्रेटिसचा मित्र क्रिटो याच्या ड्रॉईंगची कॉपी करतेय. तीनदा करून झाली, चुण्या जागच्या जागी आल्यात, सावल्याही जमल्यात, तरी माणूस दिसत नाही, गाठोडं दिसतं. पुढच्या महिन्यात सबमिशनला मॉडेलला ग्रीक वस्त्र नेसवून त्याच पद्धतीचं फुल फिगर ड्रॉईंग करायचंय. तर चुकतंय कुठे, चुण्यांची प्रॅक्टिस अजून वाढवू का, आणि काठावर ग्रीक नक्षी काढायची का, असं तिने विचारलंय.

दुसऱ्या वर्षाला आहेस म्हणून सरळ तूच म्हणते. मी अठ्ठावीस वर्षं ड्रॉईंग शिकवतेय आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी आणतंच, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाच.

चुण्यांची प्रॅक्टिस वाढवू नकोस. निदान आत्ता तरी नको. तू जे कॉपी करतेयस ना ते दाविदचं तिसऱ्या पायरीवरचं काम आहे आणि तू तिथूनच सुरुवात करतेयस, पहिल्या दोन पायऱ्या तुला कागदावर दिसत नाहीत म्हणून त्या झाल्याच नाहीत असं वाटतं. तो आधी पूर्ण चित्राची मांडणी छोट्या स्केचमध्ये लावायचा, मग एकेक आकृती उघड्या शरीराची काढायचा, मॉडेल बसवून, आणि ते शरीर पक्कं झालं की त्यावर कापड. कापडाच्या अभ्यासावर मग चौकटी मारायच्या आणि कॅनव्हासवर मोठं करायचं. क्रिटोच्या ड्रॉईंगवर त्या चौकटी अजून दिसतात, तू कॉपीत त्या घेतल्यास का? बरीच मुलं त्या 'मधे येतात' म्हणून सोडून देतात. घे. त्या मधे येत नाहीत, हे ड्रॉईंग कामाचं होतं, भिंतीवर लावायचं नव्हतं, हे त्या सांगतात. आणि कुठला गुडघा कुठल्या चौकटीत पडतो हे कळलं की निम्मी प्रपोर्शन आपोआप सुधारतात.

दाविद खरंच आधी शरीर काढायचा हे डोळ्याने बघायचं असेल तर 'टेनिस कोर्टची शपथ' शोध. घटना 1789 ची, फ्रेंच राज्यक्रांतीच्या सुरुवातीची, त्याचं ड्रॉईंग 1791 मध्ये सलोंत (पॅरिसच्या मोठ्या चित्रप्रदर्शनात) लागलं, पण मोठं पेंटिंग कधी पूर्णच झालं नाही, त्याचा कॅनव्हास व्हर्सायला आहे. त्यात काय दिसतं, तर फ्रान्सचे ते सगळे लोकप्रतिनिधी शपथ घेतायत आणि सगळे नागडे आहेत! दोन-चार चेहरे रंगवून पूर्ण, आणि खाली नुसती रेषेतली उघडी शरीरं, हात वर केलेली. आणि हे लोक तर त्याच्याच काळातले, कोट-ब्रीचेस घालणारे, तरी त्याने आधी शरीरच मांडलं, कोट नंतर चढणार होता. मी पहिल्यांदा त्या कॅनव्हासचा चांगला फोटो बघितला तेव्हा कितीतरी वेळ बघत बसले होते, कारण आमचे सर वर्गात जे रोज ओरडून सांगायचे ते तिथे दोनशे वर्षांपूर्वीच्या कॅनव्हासवर लिहून ठेवल्यासारखं होतं. अँग्र या फ्रेंच चित्रकाराचंही तेच. दाविदच्याच स्टुडिओत शिकलेला, आणि त्याची चार हजारांहून जास्त ड्रॉईंग्ज फ्रान्समधल्या मोंतोबां या त्याच्या गावच्या म्युझियममध्ये आहेत, त्यात एकाच पोझचं आधी उघडं आणि मग वस्त्रातलं अशी कितीतरी सापडतात. (दुकानात बारीक रेघांचा 'इंग्रेस पेपर' मिळतो ना, तो याच्याच नावाचा.)

मग आता काय कर. चौथी कॉपी करायच्या आधी क्रिटोचं प्रिंटआऊट घे, जमेल तेवढं मोठं, त्यावर ट्रेसिंग पेपर लाव आणि कापडाची एकही रेघ न काढता आतला माणूस शोध. खांद्याचं हाड कुठे येतंय, कमरेचा उतार कुठल्या बाजूला आहे, बैठकीवर वजन कुठे टेकलंय, गुडघा कुठे, टाच कुठे. क्रिटो बसलाय आणि पुढे झुकून त्याने एक हात सॉक्रेटिसच्या मांडीवर ठेवलाय, म्हणजे शरीर एका बाजूला ओढलं गेलंय, आणि ती ओढ पाठीपासून सुरू होते. तुझ्या कॉपीत पाठ सरळ आहे असा माझा अंदाज, न बघता सांगते, कारण नव्वद टक्के मुलांची सरळच येते. पाठ सरळ आली की पुढच्या सगळ्या चुण्या बरोबर असूनसुद्धा खोट्या वाटतात, कारण त्या चुण्या त्या झुकण्यामुळे पडल्यायत आणि तू झुकणंच काढलेलं नाहीस. गाठोडं होतं ते यामुळे.

जिथे शरीर खात्रीने सापडत नाही तिथे अंदाज कर, पण चुकीचा अंदाजही ठाम रेषेत कर. धूसर ठेवलंस तर कापडाच्या मागे लपता येतं आणि ती सवय फार वाईट, एकदा लागली की जात नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच खरी मोठी आहे. ते कापड तू स्वतः नेसून बघितलंयस का? आमच्याकडे मुलं महिनाभर पेप्लॉस काढतात आणि पेप्लॉस म्हणजे नक्की काय, कुठून सुरू होतो कुठे संपतो, विचारलं की 'गाऊन असतो सर-मॅडम' असं उत्तर येतं. गाऊन नाही गं तो. शिवलेलं, कापलेलं काही नसतं, मागावरून उतरलेलं चौकोनी कापड आहे ते, धोतर-साडीसारखंच. शरीरावर आलं की त्याला आकार येतो आणि काढून ठेवलं की परत सपाट घडी. ग्रीक नाव पाठ करायची गरज नाही पण कुठलं कापड कसं अंगावर राहतं हे माहीत हवं, कारण चुण्या तिथूनच निघतात.

पेप्लॉस बायकांचा, मूळ लोकरीचा. घरी करायचा असेल तर एक जुनी डबल बेडशीट घे, साधारण 90 बाय 100 इंच, बिनछापाची, खूप वेळा धुऊन मऊ पडलेली. 100 इंच उभे धर. वरची कड बाहेरच्या बाजूने दुमडून कमरेपर्यंत खाली सोड, हा वरचा दुमडलेला पडदा. मग ते सगळं अंगाभोवती गुंडाळ, एक बाजू बंद आणि दुसरी उघडी, आणि दोन्ही खांद्यांवर पुढचं-मागचं कापड एकेका मोठ्या पिनेने जोड. कमरेला दोरी बांध आणि जमिनीवर लोळणारं जास्तीचं कापड दोरीवरून वर ओढून घे, ते दोरीवर फुगून झोळ होऊन बसतं. या झोळाला ग्रीकमध्ये कोल्पॉस म्हणतात, आणि त्याच शब्दाचा अर्थ कुशी, ओटी आणि समुद्राचं आखात असाही होतो. मला हे वाचून आपला ओचाच आठवला, आजी ओच्यात फुलं-भाजी काय वाट्टेल ते धरून आणायची.

खिटॉन म्हणजे त्याहून पातळ, लिननचा, रुंदीला खूप मोठा, आणि खांद्यापासून हातापर्यंत एक पिन नाही तर ओळीने कितीतरी छोट्या पिना किंवा बटणं. त्यामुळे प्रत्येक दोन पिनांच्या मधे एक छोटा झोळ आणि प्रत्येक पिनेपासून खाली बारीक निऱ्या. लोकर असेल तर चुण्या मोठ्या, थोड्या, जड. लिनन असेल तर बारीक, पुष्कळ, पाण्यासारख्या. एकाच आकृतीत वरून जाड आणि खालून पातळ असं दोन्ही असतं तेव्हा चित्रकार त्या फरकावरच खेळतो, आणि आपण दोन्हीकडे सारख्याच चुण्या काढून तो फरक मारून टाकतो.

आणि तुझा क्रिटो ज्यात गुंडाळलाय ते हिमॅटिअन. लांबलचक आयत, समज दीड मीटर बाय पावणेतीन. एक टोक डाव्या खांद्यावरून पुढे सोडायचं, बाकीचं पाठीवरून घेऊन उजव्या काखेखालून पुढे आणायचं आणि परत डाव्या खांद्यावर किंवा डाव्या हातावर टाकायचं. पिन नाही, गाठ नाही, काही नाही. म्हणजे ते शरीरानेच धरून ठेवायचं असतं! हे नेसून दहा मिनिटं घरात फिरलीस की कळेल, डावा हात मोकळा सोडता येत नाही, तो सारखा कोपरात दुमडलेला राहतो, खांदा किंचित वर राहतो आणि चाल आपोआप संथ होते. त्या तत्त्वज्ञांच्या पुतळ्यांची जी भारदस्त पोझ आपण बघतो ना, तिचं निम्मं श्रेय या न पिनलेल्या कापडाला आहे. मॉडेलला नुसतं 'ग्रीक पोझ दे' म्हणून काही होत नाही, कापड नीट नेसव, पोझ ते कापडच देतं.

रोमन टोगा हा प्रकार वेगळा, तो आयत नसतो, एक बाजू गोलाकार असते, मोठ्यातला पाच-साडेपाच मीटर लांब, म्हणून त्याच्या चुण्या छातीवरून कमानीसारख्या फिरतात. सबमिशनला ग्रीक म्हणून टोगा काढू नकोस एवढंच, परीक्षकांच्या लक्षात येवो न येवो, तुझ्या यायला हवं.

इथे आपल्याला एक फायदा आहे जो युरोपातल्या मुलांना नाही. त्यांना न शिवलेलं कापड अंगावर कसं राहतं हे पुस्तकातून शिकावं लागतं, आपण ते लहानपणापासून बघतोय. कीर्तनकाराच्या खांद्यावरचं उपरणं सरकतं आणि तो बोलता बोलता परत टाकतो, लग्नात मामा सोवळं सावरत फिरतो, सत्काराच्या शालीचं एक टोक कायम घसरत असतं. हे सगळं हिमॅटिअनच आहे, स्केचबुक घेऊन जा. निऱ्या, सोगा, पदर, झोळ, काठ, आपल्याकडे चुण्यांच्या प्रत्येक प्रकाराला शब्द आहे, वर्गात फोल्ड फोल्ड करत बसण्यापेक्षा मी हेच शब्द वापरते कारण मुलाला 'झोळ' म्हटलं की तो कापडाचं वजन लगेच बघतो.

पण याच फायद्यात एक खड्डा आहे तो सांगते. नऊवारी आणि धोतर दोन्हीला काष्टा असतो, कापड पायांमधून मागे जातं आणि दोन पाय वेगळे होतात. पेप्लॉस-खिटॉन म्हणजे नळी, दोन्ही पाय एकाच नळीत. त्यामुळे पायावरच्या चुण्यांचा नियमच वेगळा. नकळत हात काष्ट्याच्या चुण्या काढतो, मी कित्येक ड्रॉईंगमध्ये बघितलंय, ग्रीक बाई आणि मांड्यांमधे आडव्या ओढलेल्या चुण्या. त्या तिथे येऊच शकत नाहीत. खालच्या भागासाठी गोल साडी जास्त जवळची.

नळीतल्या पायांचा नियम काय, तर शरीराचा भार एका पायावर असतो आणि दुसरा सैल, गुडघ्यात वाकलेला. भाराच्या पायावर कापड सरळ खाली पडतं, उभ्या खोल निऱ्या, जवळजवळ खांबावरच्या खाचांसारख्या. सैल पायावर मात्र गुडघा आणि मांडी आतून कापडाला ढकलतात, त्यामुळे तिथे कापड ताणून चिकटतं, चुण्या जवळजवळ नाहीतच, आणि गुडघ्याखालून परत एक लांब चुणी पायाच्या मागे पडते. अथेन्सच्या इरेक्थिऑन या देवळाच्या त्या खांब झालेल्या बायका बघ, डोक्यावर छप्पर घेऊन उभ्या आहेत, भाराच्या पायावरच्या निऱ्या म्हणजे अक्षरशः खांब आणि दुसऱ्या बाजूला जिवंत गुडघा. एवढी एक गोष्ट पक्की झाली तर उभी आकृती कधी गाठोडं होणार नाही, कारण बघणाऱ्याला वजन कुठे आहे ते कळतं.

हाच विचार मराठी वस्त्रात कसा उतरतो ते बघायचं असेल तर शिल्पकार गणपतराव म्हात्र्यांचं 'मंदिराकडे' बघ. 1896 चं, मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी असताना केलेलं प्लास्टरचं शिल्प. नऊवारीतली मुलगी देवळाकडे निघालीय. ग्रीक शिल्पाकडून काय घ्यायचं आणि आपलं काय ठेवायचं याचं इतकं समंजस उत्तर मला दुसरीकडे क्वचित दिसलंय. कापडातून शरीर कळतं पण कापड कुठेही ओलं केल्यासारखं वाटत नाही, आणि काष्टा काष्ट्यासारखाच पडतो. तुला शक्य असेल तर त्याच्या फोटोवरून एक दिवस फक्त कंबरेखालचा भाग काढ.

आता थोडं मागचं, कारण त्याशिवाय या ड्रॉईंगांमधला कोरडेपणा कळत नाही. ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या रोमन शहरांपैकी हर्क्युलेनियमचं खोदकाम 1738 ला सुरू झालं, पॉम्पेईचं 1748 ला, आणि 1755 मध्ये विंकेलमान या जर्मन कला-अभ्यासकाचा तो छोटा निबंध आला ज्यात तो म्हणतो की ग्रीकांचं अनुकरण करा. त्याने ग्रीक कलेचे जे मोठे गुण सांगितले त्यात बाह्यरेषा आणि वस्त्र हे दोन वेगळे मुद्दे म्हणून आहेत, म्हणजे वस्त्र ही त्या लोकांसाठी शोभेची गोष्ट नव्हती. दाविद 1775 मध्ये रोमला गेला, पाच वर्षं राहिला, आणि पुतळे, उठावशिल्पं यांची शेकडो ड्रॉईंग्ज करून अल्बम भरले. पण लक्षात घे, त्याच्यासमोर जे 'ग्रीक' होतं ते बहुतेक रोमन कॉप्या होत्या, संगमरवरातल्या, रंग उडालेल्या. पार्थेनॉनची शिल्पं ब्रिटिश म्युझियमकडे आली 1816 मध्ये, तोवर दाविदच्या 'होरेशींची शपथ' या चित्राला तीस वर्षं झाली होती. म्हणजे ही सगळी पिढी कापड शिकली ती दगडाकडून. दगडातली चुणी कशी असते, तिच्या कडा धारदार, खाच एकसारखी खोल, आणि ती कधी हलत नाही.

बऱ्याच निओक्लासिकल (म्हणजे ग्रीक-रोमन वळणाच्या या शैलीतल्या) ड्रॉईंगमधल्या आकृत्या म्हणूनच थिजलेल्या वाटतात, आणि मला तो त्या शैलीचा खरा दोष वाटतो, लोक त्याला भारदस्तपणा म्हणतात पण सगळीकडे तो भारदस्तपणा नसतो. दाविद यातून वाचला कारण त्याने पुतळ्यावर थांबायचं नाही असं ठरवलं होतं, पोझ पुतळ्याकडून घेतली तरी शरीर जिवंत मॉडेलकडून आणि कापड खऱ्या कापडाकडून. 'होरेशींची शपथ' 1784 मध्ये पुन्हा रोमला जाऊन रंगवलं, त्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या बायका बघ. डावीकडे भाऊ आणि मधे बाप, सगळे ताठ, आणि इथे या बायका एकमेकींवर कोसळल्यात, त्यांची वस्त्रं सैल होऊन मांडीवर आणि जमिनीवर साचलीत. शोक चेहऱ्यावर कमी आणि कापडात जास्त आहे. हे दगडाची कॉपी करून येत नाही.

तुमच्या कॉलेजमध्ये प्लास्टरचे अँटिक (जुन्या पुतळ्यांच्या प्रतिकृती) असतील, आमच्या वेळी जेजेत होते, त्यावरून ड्रॉईंग जरूर कर, पण एका पुतळ्यामागे एक तास खऱ्या कापडाला दे. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल टाक आणि काढ, चालेल.

सावलीचं बोलू. तुझी दुसरी अडचण इथे असणार, प्रत्येक चुणीला वेगळी सावली, वेगळा उजेड, आणि सगळ्या सारख्याच काळ्या. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला स्टिल लाईफमागच्या कापडाची प्रॅक्टिस आपण अशीच केलेली असते, चुणी दिसली की एका बाजूने काळं कर. इथे तसं चालत नाही. आधी डोळे बारीक करून पूर्ण आकृतीचे दोनच भाग कर, उजेडातला आणि सावलीतला, मधल्या सगळ्या चुण्या विसरून. सावलीचा भाग एकाच हलक्या टोनने भर, स्टंपने (कागदाच्या घट्ट गुंडाळीने) चोळून एकसंध कर. मग त्या सावलीच्या आत ज्या खाचा खरंच खोल आहेत, काखेत, मांडीखाली, झोळाच्या खाली, तेवढ्याच गडद कर. उजेडाच्या भागातल्या चुण्या फार फार हलक्या ठेव, उजेडातली सगळ्यात गडद चुणीसुद्धा सावलीतल्या सगळ्यात फिक्या जागेपेक्षा फिकी हवी. हा एक नियम पाळलास तरी शरीराचा गोल भाव राहतो.

क्रिटोचा कागद रंगीत आहे, उजेड-सावलीच्या मधला टोन कागदच देतो, आणि पांढरा फक्त जिथे कापड प्रकाशाकडे पूर्ण वळलंय तिथे. पांढरा आणि काळा एकमेकाला लागू देऊ नकोस, मधे कागद दिसलाच पाहिजे, दोन्ही मिसळले की मळका निळसर राखाडी होतो आणि मग काही केल्या जात नाही. काळ्यासाठी चारकोल पेन्सिल किंवा कॉन्टे चालेल. दाविदच्या हातात तेव्हा कॉन्टे नव्हता, कॉन्टेने आपल्या पेन्सिलीचं पेटंट घेतलं 1795 मध्ये, क्रिटो त्याच्या आधीचा, पेंटिंग 1787 च्या सलोंमध्ये लागलं होतं. तो खाणीतला नैसर्गिक काळा खडू वापरायचा, त्याची रेघ कॉन्टेपेक्षा जरा कोरडी आणि करडी असते, म्हणून तुझ्या कॉपीत काळं जास्त चमकदार येत असेल तर घाबरू नको, दाब कमी कर. प्रॅक्टिसला ब्राऊन पेपर स्वस्तात मस्त, पण सबमिशनला नको, तो वर्षभरात ठिसूळ होतो, फिका मातकट पेस्टल शीट घे.

स्टंप जपून वापर. चोळायला लागलं की मजा येते आणि सगळंच चोळलं जातं, कापड मग लोण्यासारखं दिसतं. चोळलेल्या टोनवर परत काही ठिकाणी उघडी रेघ आली पाहिजे, खासकरून जिथे चुणीची कड वळून आत जाते तिथे.

एक व्यायाम सांगते जो मला फार आवडतो. कॉपी झाली की तीच आकृती फ्लॅक्समनसारखी कर, म्हणजे फक्त रेषा, शेडिंग शून्य. जॉन फ्लॅक्समन हा इंग्लिश शिल्पकार, आधी वेजवूड या इंग्लिश पॉटरीच्या भांड्यांसाठी डिझाईनं करायचा, 1787 ते 1794 रोममध्ये होता आणि तिथे त्याने 'इलियड' आणि 'ओडिसी'साठी रेषाचित्रं केली, पिरोलीने ती छपाईसाठी कोरली, 1793 मध्ये आली आणि युरोपभर गाजली. ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांचा धडा त्याने घेतला होता, अख्खी आकृती वस्त्रासकट वीस-पंचवीस रेघांत. आता तुझ्या क्रिटोमधल्या समज दोनशे चुण्यांमधून वीस निवडायच्या असतील तर कुठल्या ठेवशील? ज्या शरीरामुळे पडल्यात त्या. खांद्यावरून निघालेली, कोपराच्या आत गोळा झालेली, गुडघ्यावरून खाली सुटलेली. बाकीच्या कापडाच्या स्वतःच्या आहेत, त्या सुंदर असतील पण त्यांच्याशिवाय माणूस उभा राहतो. हे निवडणं जमलं की मग शेडिंगच्या ड्रॉईंगमध्येही कुठल्या चुणीला गडद करायचं हे विचारावं लागत नाही.

फ्लॅक्समनचं नाव निघालंच आहे तर एक सांगायचा मोह आवरत नाही. त्याचं एक संगमरवरी काम तंजावरला चर्चमध्ये आहे, श्वार्ट्झ या मिशनऱ्याचं स्मारक, त्यात मरणशय्येवरच्या श्वार्ट्झला भेटायला आलेले सरफोजीराजे भोसले आहेत. म्हणजे सॉक्रेटिसच्या पलंगाभोवती जमलेल्या शिष्यांची ती जी मांडणी युरोपात चालली होती, तीच मांडणी एका मराठी राजाला घेऊन आपल्याकडे आली. तंजावरला गेलीस तर मोठं देऊळ बघून झाल्यावर तिथेही जा. आणि मुंबईत असशील तर हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये भिंतीवरची स्मारकं बघ, प्राचीन वस्त्रातल्या शोक करणाऱ्या बायका कलशावर झुकलेल्या, कुणी हटकत नाही, शांत बसून काढता येतं, उजेडासाठी सकाळी जा.

आता मॉडेलच्या दिवसाचं. कापड आदल्या रात्री धुऊन अगदी पातळ पेज घालून वाळव, कडक खळ नको, नुसती चुणीला धरून ठेवण्याइतकी. इस्त्री करू नकोस, घडीची रेघ ग्रीक वस्त्रावर फार वाईट दिसते, पिळून गुंडाळून ठेवलंस तर उलट छान. सिंथेटिक अजिबात नको, ते पडत नाही, घसरतं. मॉडेलला आधी साध्या कपड्यात त्याच पोझमध्ये उभं करून वीस मिनिटांत शरीराचं ड्रॉईंग कर, हे वगळू नकोस कितीही उशीर झालेला असो. मग कापड. पायाच्या आणि हाताच्या जागेवर खडूने खुणा कर.

एक अडचण येणारच, मॉडेल ब्रेक घेऊन परत उभं राहिलं की चुण्या बदलतात, एकही आधीसारखी राहत नाही, आणि मुलं तिथे हताश होतात. म्हणून तर जुन्या स्टुडिओंमध्ये लाकडी पुतळा असायचा, माणूस गेला तरी कापड त्यावर दिवसेंदिवस तसंच. तुझ्याकडे पुतळा नसेल तर पहिल्या बैठकीतच मुख्य चुण्या, त्या फ्लॅक्समनवाल्या वीस, रेषेत पक्क्या करून टाक आणि नंतर मॉडेल परत आलं की त्या बदलू नकोस, नवीन कापडातून फक्त सावलीची माहिती घे. शिंप्याकडे जुना डमी मिळाला तर उसना आण, खांदे आणि धड तरी मिळतं. फोटो काढून ठेव पण त्यावरून काढू नकोस, फोनचा कॅमेरा सावलीतल्या चुण्या उजळ करतो आणि मग परत सगळं सारखं काळं-पांढरं होतं. उजेड एकाच खिडकीचा, डावीकडून वरून, ट्यूबलाईट बंद.

पायाशी कापड कुठे संपतं त्याला शेवटचा अर्धा तास राखून ठेव. सगळे चेहऱ्यावर आणि छातीवरच्या चुण्यांवर वेळ घालवतात आणि खालची कड एका आडव्या रेघेत उरकतात, त्यामुळे आकृती जमिनीवर न टेकता टांगलेली वाटते. ती कड पावलाच्या उंचवट्यावर येऊन मोडते, बाजूला जमिनीवर टेकून थोडी साचते, आणि मागच्या बाजूला मागच्या पायाला वळसा घालून दिसेनाशी होते, म्हणजे ती सरळ कधीच नसते, वरून बघितलेल्या बांगडीसारखी गोल फिरते. काठावर ग्रीक नक्षी काढायची का असं शेवटी विचारलंयस, तर काढ, पण अगदी शेवटी आणि अर्धीच, उजेडाच्या बाजूची, आणि चुणीत जिथे काठ आत जातो तिथे नक्षीही आत गेली पाहिजे. क्रिटोची चौथी कॉपी आणि ते ट्रेसिंग पेपरवरचं शरीर दोन्ही झाल्यावर दाखव, मला आधी ट्रेसिंग बघायचंय.